शिंगाचे द्रव्य आणि पेशीचे गोत्र

मानेत एक गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून काही आठवडे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे शल्यवैद्य तिचा लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवितात. मेणाच्या वडीत बसवून त्या तुकड्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप घेतले जातात, काचेच्या पट्टीवर ते रंगविले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली येतात. पेशी कर्करोगाच्या आहेत हे विकृतिवैज्ञानिकास पहिल्याच दृष्टिक्षेपात उमगते. परंतु त्या मूळच्या कोठल्या, कोणत्या घराण्यातल्या, हे मात्र त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. कर्करोग बळावला म्हणजे पेशी आपले मूळचे रूप टाकते. आतड्यातील पेशी नलिका रचावयाचे विसरते, त्वचेतील पेशी एकावर एक थर द्यावयाचे विसरते, आणि अखेर सगळ्या सारख्याच दिसू लागतात. गोल, बेढब, मोठ्या केंद्रकाच्या, कोणतीही खूण न बाळगणाऱ्या.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. मानेतील ती गाठ लसीका पेशींच्या कर्करोगाची असेल तर औषधांनी ती समूळ जाण्याचा संभव असतो. ती फुप्फुसातून, घशातून वा जठरातून आलेली असेल तर उपाययोजना सर्वस्वी वेगळी, आणि त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींपासून निघालेली असेल तर आणखी निराळी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा वेळी विकृतिवैज्ञानिकाजवळ अनुभवी डोळ्यापलीकडे फारसे साधन नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, पण तो खर्चिक आणि वेळखाऊ होता. दोन नामवंत तज्ज्ञांनी एकाच पट्टीवर दोन निरनिराळे निर्णय द्यावे, असे अनेकदा घडे. रोग्याने मात्र त्यांपैकी एकाच निर्णयावर आपले आयुष्य टाकावयाचे असे.

या कोड्यातून वाट काढणारा साक्षीदार निघाला तो अगदी सामान्य कुळातला. शिंग, खूर, नख, केस, लोकर हे सारे ज्या प्रथिनाचे बनते, ते केराटिन. त्याचे नावच मुळी शिंगाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. शरीराच्या बाहेरील व आतील सर्व पृष्ठभागांवर पेशींचे जे अस्तर असते त्याला अभिस्तर म्हणतात. त्वचा, तोंड, अन्ननलिका, आतडे, श्वासमार्ग, मूत्राशय आणि ग्रंथींच्या नलिका यांना हे अस्तर असते. माणसाचे बहुसंख्य कर्करोग या अभिस्तरातच उगम पावतात. आणि अभिस्तराच्या प्रत्येक पेशीत, मग ती नखाजवळची असो की यकृताच्या पोटातली, केराटिनच्या तंतूंचे जाळे असते. ही गोष्ट आज शालेय पुस्तकात शोभेल इतकी सोपी वाटते. ती कळावयास मात्र पन्नास वर्षे लागली, आणि तिचा आरंभ इस्पितळात न होता लोकरीच्या गिरण्यांच्या गावात झाला.

इंग्लंडमधील लीड्स हे लोकरीच्या धंद्याचे जुने केंद्र. तेथील विद्यापीठात १९२८ साली विल्यम अ‍ॅस्टबरी हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ वस्त्रतंतूंच्या अभ्यासासाठी नेमला गेला. लंडनमध्ये थोरल्या ब्रॅगच्या हाताखाली त्याने क्ष-किरणांनी स्फटिकांची अंतर्रचना शोधण्याचे शिक्षण घेतले होते. लोकर काही स्फटिक नव्हे. परंतु तिच्या तंतूंतून क्ष-किरण सोडताच छायापत्रावर ठराविक अंतराने डाग उमटले, म्हणजे आतील रेणूंची मांडणी शिस्तीची होती. पुढे त्याने तंतू ओलावून ताणला आणि पुन्हा चित्र घेतले, तो चित्र पालटलेले! ताण सोडला की तंतू आखडे आणि चित्रही पूर्वपदावर येई. सैल अवस्थेला त्याने आल्फा आणि ताणलेल्या अवस्थेला बीटा अशी नावे दिली. प्रथिनाचा रेणू गुंडाळलेला असतो व तो उलगडू शकतो, ही कल्पना लोकरीच्या एका धाग्यातून निघाली. स्वेटर धुतल्यावर ओघळतो किंवा आटतो तो का, या गिरणीवाल्यांच्या रोकड्या प्रश्नाने जीवशास्त्राला असे ऋणी करून ठेवले आहे.

अ‍ॅस्टबरी हा मोठा उत्साही गृहस्थ होता. प्रथिनाची घडी मोडून तिचा पुन्हा धागा करता येईल, या त्याच्या विचारातून भुईमुगाच्या प्रथिनापासून सूत काढण्याचा उद्योग विलायतेत काही काळ चालला, आणि त्या सुताचा एक ओव्हरकोट स्वतः अ‍ॅस्टबरी घालीत असे. धंदा पुढे टिकला नाही. केराटिनच्या आल्फा अवस्थेचा नेमका आकार मात्र त्याच्या हातून निसटला. १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये पडशाने अंथरुणाला खिळलेल्या लायनस पॉलिंगने कागदावर रेणूची साखळी काढली, त्या कागदाला घड्या घालीत तो बसला, आणि ती साखळी जिन्याप्रमाणे फिरत गेली तर सगळी जुळणी बसते असे त्याला दिसले. १९५१ मध्ये हा आल्फा-मळसूत्राचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. त्यातही एक खोच राहिली. मळसूत्राचा एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉमचा निघे आणि अ‍ॅस्टबरीच्या छायापत्रावरचे अंतर ५.१ अँगस्ट्रॉम होते. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्याच्याही तीन दशांशांचा हा वाद! १९५२ मध्ये फ्रान्सिस क्रिकने उलगडा केला: केराटिनची मळसूत्रे एकेकटी नसतात, सुंभाच्या पेडांसारखी ती एकमेकींभोवती पीळ घेतात, आणि त्या तिरकसपणामुळे अंतर कमी भरते.

केराटिनच्या ज्ञानाला येथवर एक मर्यादा होती. हे सारे मृत वस्तूंचे ज्ञान होते. केस, नख आणि त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा यांत जिवंत पेशी नसतात. पेशी मरून तिचे केराटिन तेवढे मागे उरलेले असते. म्हणून केराटिन म्हणजे त्वचेचे कठीण कवच, एवढीच वैद्यकाची समजूत होती. विकृतिवैज्ञानिकांना ते परिचित होते तेही याच रूपात. तोंडाच्या वा त्वचेच्या कर्करोगात पेशींची पुंजकी आतल्या आत केराटिनचे गोल थर रचतात, आणि रंगविलेल्या पट्टीवर ती गुलाबी, तकतकीत वर्तुळे दिसतात. त्यांना केराटिनचे मोती म्हणण्याचा प्रघात पडला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९४१ मध्ये ते उघडल्यापासून, तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासमोर तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील असे कर्करोग शेकड्यांनी येत. कमरेभोवती वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराखालच्या त्वचेतही कर्करोग उद्भवतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडले. अशा अर्बुदांत मोती दिसले की मूळ त्वचेचे वा तोंडाचे, हे उघड होई. पण जे अर्बुद फार बिघडलेले असे, त्यात मोतीच नसत, आणि जेथे निर्णयाची खरी गरज तेथेच खूण नाहीशी होई.

पेशीच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे केराटिन दाखविणारे साधन दुसऱ्याच दिशेने येत होते. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडथोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा नेमका उतारा तयार होतो. धनुर्वाताचा उतारा घटसर्पावर चालत नाही आणि घटसर्पाचा धनुर्वातावर चालत नाही. रक्तातील या द्रव्यांना प्रतिपिंड म्हणतात. जे परके द्रव्य शरीरात शिरले त्याच्याच आकाराला प्रतिपिंड चिकटतो. ही नेमकेपणाची शक्ती रोग बरे करण्यास वापरावी, हे सर्वांना सुचले. हीच शक्ती वस्तू शोधण्यासही वापरता येईल, हे सुचावयास अर्धे शतक जावे लागले.

१९३९ च्या उन्हाळ्यात बोस्टनचा एक तरुण डॉक्टर, अल्बर्ट कून्स, बर्लिनला आला होता. महायुद्ध उंबरठ्यावर होते. संधिवाताच्या ज्वरात हृदयात ज्या गाठी होतात त्यांत जंतूंचे द्रव्य असते की नसते, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत होता. असेलच तर ते पाहावयाचे कसे? त्या शहराच्या रस्त्यांवरून हिंडताना त्याला कल्पना सुचली, की प्रतिपिंडालाच रंग जोडून द्यावा. तो आपले लक्ष्य शोधून चिकटेल आणि रंग आपोआप जागा दाखवील. साध्या रंगाने काम भागले नाही, तो दिसण्याइतका गडद होईना. मग अंधारात चमकणारी द्रव्ये घेतली. पहिले निळे चमकले. पण ऊतकेही स्वभावतः थोडी निळसर चमकतात, म्हणून हिरवे चमकणारे फ्लुओरेसीन घेतले. १९४१ मध्ये कून्स व त्याच्या सहकाऱ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. ज्या हृदयरोगासाठी हा खटाटोप आरंभला त्याचे उत्तर कून्सला मिळाले नाही, परंतु सूक्ष्मदर्शकाला एक नवी दृष्टी मिळाली. १९६६ मध्ये पॉल नाकाने यांनी चमकत्या रंगाऐवजी, मुळ्याच्या दूरच्या नात्यातल्या एका झणझणीत कंदातील विकर प्रतिपिंडाला जोडून तपकिरी डाग उमटविण्याची युक्ती आणली. आता अंधाऱ्या खोलीची गरज उरली नाही; साधा सूक्ष्मदर्शक पुरे झाला.

पेशीशास्त्रज्ञांना त्याच सुमारास पेशीच्या आत तीन प्रकारचे तंतू दिसू लागले होते. काही अतिशय बारीक, काही पोकळ नळीसारखे जाड, आणि या दोहोंच्या मधल्या जाडीचे काही. मधल्यांची जाडी मिलिमीटरचा एक लाखावा भाग. त्यांचे नावही ‘मध्यम तंतू’ असे निर्विकार पडले. ते कशाचे बनले आहेत आणि कशासाठी आहेत, हे कोणी सांगू शकत नव्हते. १९७४ मध्ये एलिआस लाझारिडीस आणि क्लाउस वेबर यांनी स्नायूंतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे चमकते प्रतिपिंड वापरून साध्या पेशीतील बारीक तंतूंचे जाळे आकाशातील नक्षत्रांसारखे लखलखत दाखविले. मग ज्याच्या हाती जे प्रथिन, त्याने त्याचे प्रतिपिंड बनवावयाचे, अशी धांदलच उडाली.

१९७८ साली दोन ठिकाणी, अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर, केराटिनची पाळी आली. जर्मनीत हायडेलबर्गचा व्हेर्नर फ्रांके आणि गॉटिंगेनचे क्लाउस वेबर व मेरी ऑसबर्न यांनी गाईबैलांच्या नाकाडावरील ओलसर कातडीतून केराटिन काढून त्याचे प्रतिपिंड मिळविले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत हॉवर्ड ग्रीन व टुंग-टिएन सून यांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या पापुद्र्यातील केराटिन घेतले. याच ग्रीनने तीन वर्षांपूर्वी माणसाच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची रीत बसविली होती, आणि तिच्या जोरावर पुढे भाजलेल्या मुलांच्या अंगावर त्यांच्याच पेशींची वाढविलेली त्वचा चढविण्यात आली. दोन्ही ठिकाणी जे दिसले ते अनपेक्षित होते. नाकाडाच्या कातडीविरुद्ध घडविलेले प्रतिपिंड त्वचेतच नव्हे, तर ज्या मऊ, ओल्या पेशींचा शिंगाशी काडीचा संबंध नाही अशा अंतर्गत अभिस्तराच्या पेशींतही चिकटले. केंद्रकापासून कडेपर्यंत पसरलेले दाट, नागमोडी जाळे हिरवे झळकले. शेजारच्या संयोजी ऊतकातील पेशी मात्र काळ्याच राहिल्या. त्यांच्यातही मध्यम तंतू होते, पण ते दुसऱ्या प्रथिनाचे होते. फ्रांके व सहकाऱ्यांनी त्याला वेतकामाच्या लवचीक काड्यांच्या लॅटिन शब्दावरून व्हायमेन्टिन असे नाव दिले.

फ्रांके हे नाव पुढे जर्मनीत वेगळ्याच कारणासाठी घरोघरी पोचले. पूर्व जर्मनीच्या सरकारने आपल्या खेळाडूंना गुप्तपणे संप्रेरके चारली, याचे दप्तर १९९०-९१ च्या सुमारास त्याने व त्याची पत्नी, थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेन्डोंक, हिने उघड्यावर आणले. लपविलेल्याचा छडा लावण्याची ही वृत्ती एकाच माणसाच्या दोन कामांत सारखीच दिसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता खरा प्रश्न असा, की निरोगी पेशीची ही ओळख कर्करोगाच्या पेशीतही टिकते काय? रूप बदलते, शिस्त जाते, मग तंतूही बदलत असतील. १९८० आणि १९८१ मध्ये निरनिराळ्या गटांनी अर्बुदांचे तुकडे तपासून उत्तर दिले: बहुतेक ठिकाणी बदलत नाहीत. अभिस्तरातून निघालेला कर्करोग कितीही बिघडो, केराटिन त्याच्यात राहतेच. आणि लसीका पेशींच्या कर्करोगात ते सहसा नसते. जी पेशी आपले घर, काम, आकार सारे विसरली, तिला आपले गोत्र मात्र सांगता येते. मानेतील त्या गाठीवर केराटिनचे प्रतिपिंड घालावे आणि डाग तपकिरी उमटतो की नाही ते पाहावे. ज्या प्रकरणी तज्ज्ञांत वाद होत, त्यांतील पुष्कळांचा निकाल आता एका दिवसात लागू लागला.

एक अडचण होती ती प्रतिपिंडांच्या पुरवठ्याची. सशाच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड म्हणजे शेकडो प्रकारांचे मिश्रण. एका सशाचे दुसऱ्याशी जुळत नसे, आणि ससा मेला की साठा संपला. १९७५ मध्येच केंब्रिजला जॉर्ज कोलर व सेझार मिल्स्टीन यांनी यावर तोड काढून ठेवली होती. प्रतिपिंड बनविणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जुळवून त्यांनी एक अमर संकरित पेशी केली, आणि तिचा वंश तेच एक प्रतिपिंड अखंड देत राहिला. कर्करोग ओळखण्याच्या कामी कर्करोगाच्या पेशीलाच असे जुंपण्यात आले. या शोधाचे एकस्व घेतले गेले नाही, त्यामुळे तो जगभर झपाट्याने पसरला. १९८४ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. सून यांच्या प्रयोगशाळेने १९८२ मध्ये या पद्धतीने घडविलेले एई-१ आणि एई-३ हे प्रतिपिंड एकत्र मिसळले असता जवळजवळ सर्व अभिस्तरे पकडतात. आजही विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नेहमी लागणाऱ्या कुप्यांत ही जोडी असते.

त्याच वर्षी, १९८२ मध्ये, रोलांड मोल, फ्रांके व त्यांचे सहकारी यांनी मानवी केराटिनांची एक सूची प्रसिद्ध केली, आणि तिच्यामुळे विषयाचे स्वरूपच पालटले. केराटिन हे एक प्रथिन नसून एक कुटुंब आहे, हे तोवर लक्षात आले होते. पण कुटुंबातील माणसे किती, आणि कोण कोठे राहते, याची नोंदवही नव्हती. मोल यांनी निरनिराळ्या अवयवांचे अभिस्तर घेऊन त्यांतील प्रथिने विद्युत्प्रवाहाने दोन दिशांना पसरविली, प्रत्येक ठिपका ओळखला आणि त्यांना १ ते १९ असे क्रमांक दिले. त्यातून एक सुरेख व्यवस्था दिसली. केराटिने जोडीनेच राहतात, एक आम्लधर्मी आणि एक त्याच्या उलट स्वभावाचे. एकट्याने तंतू होत नाही. त्वचेच्या तळच्या थरात ५ आणि १४ ही जोडी. पेशी वर सरकू लागली की ती जोडी बनविणे थांबते आणि १ व १० ही जोडी सुरू होते. यकृतासारख्या साध्या, एकपदरी अभिस्तरात ८ व १८. म्हणजे पेशी अभिस्तराची आहे एवढेच नव्हे, तर कोणत्या गावच्या अभिस्तराची, हेही केराटिनचे क्रमांक सांगू शकतात. पुढे जनुकांची मोजदाद झाली आणि २००६ मध्ये सर्वमान्य नामावली ठरली तेव्हा माणसात केराटिनची ५४ कार्यक्षम जनुके भरली. त्यांपैकी १७ केस व नखांसाठी आणि बाकीची अभिस्तरांसाठी.

परंतु केराटिन पेशीत असते कशाला? ओळख पटविण्याची सोय व्हावी म्हणून निसर्गाने ते घातलेले नाही, हे उघड आहे. याचे उत्तर एका दुःखद आजाराने दिले. काही मुलांची त्वचा जन्मतःच इतकी नाजूक असते, की रांगताना गुडघे घासले, आईने काखेत धरून उचलले, एवढ्यानेही फोड येतात. १९९१ मध्ये शिकागोत एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत बिघडविलेले केराटिन-१४ घातले आणि त्या उंदरांची कातडी याच तऱ्हेने फुटली. लगेच त्यांनी रोगी माणसांचे जनुक तपासले, तो केराटिन-१४ मधील १२५ व्या स्थानावरचा एकच घटक बदललेला आढळला. रोगावरून जनुकाकडे जाण्याची वैद्यकाची नेहमीची वाट त्यांनी उलटी चालून दाखविली. तळच्या थरातील पेशीला ताण सोसण्याचे बळ केराटिनचे जाळे देते. ते सदोष असले की पेशी आतून फाटते. लोकरीचा धागा ताणून अ‍ॅस्टबरीने जे पाहिले, त्याचाच हा जिवंत त्वचेतील प्रत्यय होता.

निदानाच्या बाजूने सर्वांत उपयोगी ठरले ते सूचीत मागाहून आलेले केराटिन-२०. फ्रांके यांच्या गटाने आतड्यातील एका अनोळखी प्रथिनाचा पाठपुरावा करीत १९९० मध्ये ते कुटुंबात दाखल केले, आणि १९९२ मध्ये मोल यांनी त्याचे मोनोक्लोनल प्रतिपिंड वापरून कर्करोगांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केराटिन-२० असते आणि केराटिन-७ सहसा नसते. फुप्फुसाच्या ग्रंथिजन्य कर्करोगात आणि स्तनाच्या कर्करोगात नेमके उलट. मूत्राशयाच्या कर्करोगात पुष्कळदा दोन्ही. पुरःस्थ ग्रंथी आणि यकृताच्या पेशी यांच्या कर्करोगात बहुधा एकही नाही. यकृतात गाठी सापडल्या आणि मूळ कोठे ते कळत नसले, तर या दोन प्रतिपिंडांच्या दोन पट्ट्या पुढचा शोध आतड्यात घ्यावा की छातीत, हे सुचवितात. त्वचेत उद्भवणारा मर्केल पेशींचा एक दुर्मिळ व आक्रमक कर्करोग फुप्फुसाच्या एका कर्करोगासारखा हुबेहूब दिसतो. त्याच्या पेशीत केराटिन-२० जाळे न करता केंद्रकाशेजारी एका ठिपक्यात गोळा होते. कपाळावर टिकली लावावी तसा तो ठिपका एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

या साऱ्या काळात एक घरगुती अडचण सर्वांना छळत होती. इस्पितळातील ऊतके फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याचा रिवाज आहे. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी असे जखडते, की प्रतिपिंडाला चिकटावयास जागाच सापडत नाही. विकरांनी ऊतक किंचित पचवून पाहण्याची तोड होती, पण तिचा भरवसा नव्हता. कॅलिफोर्नियात काम करणारे चिनी वैद्य शी शान-रोंग यांनी या प्रश्नासाठी जुनी रसायनशास्त्राची नियतकालिके चाळली. १९४० च्या दशकातील लेखांत त्यांना आढळले, की फॉर्मॅलिनने घातलेल्या गाठी तीव्र उष्णतेने काही अंशी सुटतात. १९९१ मध्ये त्यांनी मेणाचे काप द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हच्या भट्टीत उकळल्याचे प्रसिद्ध केले. मुळाशीच हास्यास्पद वाटावे असे ते कृत्य. ज्या प्रथिनांना जपावयाचे तीच शिजविणे! पण प्रतिपिंड पुन्हा चिकटू लागले. इस्पितळांच्या तळघरांत दशकानुदशके पडून असलेल्या मेणाच्या वड्या त्यामुळे पुन्हा बोलत्या झाल्या.

साक्षीदार कितीही चांगला असला तरी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. सांध्यांजवळच्या एका मऊ ऊतकाच्या कर्करोगात, जो अभिस्तराचा नव्हेच, केराटिन हमखास सापडते. काही कर्करोग केराटिन व व्हायमेन्टिन दोन्ही बाळगतात. आतड्याचा एखादा कर्करोग केराटिन-२० देत नाही, आणि निदान चुकण्याचा प्रसंग येतो. म्हणून जाणता विकृतिवैज्ञानिक एका प्रतिपिंडावर कधी विसंबत नाही. लसीका पेशींचे, रंगद्रव्य-पेशींचे, निरनिराळ्या अवयवांचे असे चार-सहा प्रतिपिंड एकाच वेळी लावून तो पडताळा पाहतो, आणि तरीही पहिल्या साध्या, गुलाबी-निळ्या पट्टीकडे परत येतो. डाग उमटला म्हणून निदान झाले, असे समजणाऱ्यांनी या विद्येचे जेवढे नुकसान केले तेवढे तिच्या विरोधकांनीही केले नसेल.

याहून बिकट प्रश्न पुढे स्तनाच्या कर्करोगात उभा राहिला. काखेतील लसीका ग्रंथीत रोग पोचला आहे की नाही, यावर पुढील उपचार अवलंबून असतात. साध्या पट्टीवर ग्रंथी निर्मळ दिसे. केराटिनचे प्रतिपिंड घातले की हजारो निळ्या पेशींच्या गर्दीत दोन-चार तपकिरी पेशी लख्ख उठून दिसत. लसीका ग्रंथीत अभिस्तराची पेशी असण्याचे कारण नाही, तेव्हा ती कर्करोगाचीच धरावयाची. एरव्ही नजरेतून सुटणारे सापडले याचा आनंद मोठा होता. परंतु सापडले म्हणून त्या स्त्रीच्या काखेतील सर्व ग्रंथी काढावयाच्या काय? त्या शस्त्रक्रियेने हात जन्मभर सुजलेला राहू शकतो. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत, ग्रंथी निर्मळ ठरलेल्या ३,८८७ स्त्रियांच्या ग्रंथींचे नमुने केराटिनच्या प्रतिपिंडासह पुन्हा तपासण्यात आले आणि तो निकाल उपचार करणाऱ्यांपासून मुद्दाम गुप्त ठेवण्यात आला. २०११ मध्ये फलित जाहीर झाले. १५.९ टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत लपलेल्या पेशी होत्या. पाच वर्षांनंतर त्यांच्यापैकी ९४.६ टक्के हयात होत्या. ज्यांच्यात काहीच सापडले नाही त्यांच्यापैकी ९५.८ टक्के. फरक होता, पण तो १.२ टक्क्यांचा. प्रत्येक निर्मळ ग्रंथीवर सर्रास केराटिनची पट्टी लावण्याचे समर्थन त्यामुळे दुबळे झाले.

कर्करोगाच्या पायऱ्या ठरविणाऱ्या अमेरिकन नियमावलीने २००२ मध्येच या पेशींसाठी एक रकाना केला होता. पुंजका ०.२ मिलिमीटरहून मोठा नसेल तर ग्रंथी रोगमुक्त गणावयाची आणि अहवालात शून्यच मांडावयाचे. फक्त त्या शून्यापुढे, कंसात, प्रतिपिंडाने काही दाखविले होते एवढे कळविणारे एक लहानसे अधिक चिन्ह लिहावयाचे.